आरव्हीतील वीज आणि थंडीतील ऊब: ३० अँपिअरचा हिशेब

अमेरिकेत आरव्ही, म्हणजे आत राहण्याची सोय असलेली गाडी, भाड्याने घेऊन यलोस्टोन किंवा ग्रँड कॅन्यनला निघालेल्या कुटुंबाला एवढी मोठी गाडी चालवण्याची धास्ती असते, आतल्या विजेची मात्र नसते; आणि पहिल्याच सकाळी अडते ते नेमके विजेपाशी. पहाटेच्या गारठ्यामुळे कोणीतरी हीटर लावलेला असतो, आंघोळीचे पाणी तापत असते, पुण्याहून आलेल्या आईबाबांच्या चहासाठी विजेची किटली चालू केलेली असते, आणि त्यातच मुलांचे दूध मायक्रोवेव्हमध्ये ठेवले की सगळे एकदम बंद पडते. ब्रेकर पुन्हा चालू केला तर थोडा वेळ बरे चालते आणि परत तेच होते. गाडीत काहीतरी बिघाड आहे असे समजून मालकाला फोन जातो, पण बहुतेक वेळा बिघाड नसतोच. गाडीला मिळणारी वीज आणि आपण मागितलेली वीज यांचा मेळ बसलेला नसतो, एवढेच.

हा मेळ बसवण्याची रीत अवघड नाही. दिवे, पंखे, पाण्याचा पंप, फोन आणि लॅपटॉप यांची चिंता करण्याचे कारण नाही. त्यांना लागणारी वीज हिशेबात धरण्याइतकीही नसते. ब्रेकर पडतो तो उष्णता निर्माण करणाऱ्या उपकरणांमुळे आणि छतावरील एअर कंडिशनरमुळे. म्हणून जी उष्णता गॅसवर मिळू शकते ती गॅसवर घ्यावी, आणि विजेवर तापणारी उपकरणे एका वेळी एकच चालवावीत. पुढील सर्व तपशील या दोन गोष्टींच्या भोवती आहे; फक्त कडाक्याच्या थंडीत त्यात पाण्याच्या पाइपांची भर पडते, आणि तेथे वीज शिल्लक असूनही गॅस जाळावा लागतो.

खांबावरून किती वीज मिळते

हूकअप, म्हणजे वीज-पाण्याच्या जोडण्या, असलेल्या कॅम्पग्राउंडमध्ये प्रत्येक जागेपाशी विजेचा एक ठेंगणा खांब असतो, त्याला तेथे पेडेस्टल म्हणतात. त्यावर घरातल्यासारखे १५ किंवा २० अँपिअरचे सॉकेट, तीन पिनांचे ३० अँपिअरचे सॉकेट आणि अनेक ठिकाणी चार पिनांचे ५० अँपिअरचे सॉकेट असते. भाड्याने मिळणाऱ्या मध्यम आकाराच्या गाड्या सहसा ३० अँपिअरच्या असतात. १२० व्होल्टला ३० ने गुणले की ३,६०० वॅट होतात, आणि एका क्षणी गाडीला मिळू शकणारी वीज तेवढीच. त्यातही सलग तीन तास किंवा अधिक काळ चालणारा भार ब्रेकरच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांपर्यंतच असावा असा तेथील विद्युत नियमांचा दंडक आहे. रात्रभर चालणाऱ्या उपकरणांचा विचार करताना म्हणूनच २४ अँपिअर, म्हणजे २,८८० वॅट, हाच आकडा डोळ्यांसमोर ठेवावा.

५० अँपिअरचे सॉकेट नावावरून वाटते त्याहून बरेच मोठे असते. त्यात १२० व्होल्टच्या दोन स्वतंत्र तारा येतात आणि प्रत्येकीवर ५० अँपिअर मिळतात, म्हणजे एकूण १२,००० वॅट. ३० अँपिअरच्या तिपटीहूनही अधिक. अशा गाडीत दोन एअर कंडिशनर, मायक्रोवेव्ह आणि वॉटर हीटर एकत्र चालले तरी सहसा काही होत नाही. मात्र ५० ची गाडी अडॅप्टर लावून ३० च्या खांबाला जोडली की दोन्ही तारांना मिळून तेच ३० अँपिअर उरतात, आणि सवय मात्र ५० ची झालेली असते. एखाद्या मित्राच्या घरासमोर गाडी उभी करून गॅरेजमधील साध्या सॉकेटला जोडली तर १५ अँपिअर मिळतात, आणि त्यातले सलग वापरण्याजोगे १२ च. तेवढ्यात बॅटरी चार्ज होईल, फ्रिज चालेल, दिवे लागतील. एअर कंडिशनरचा विचार मनात आणू नये.

स्वतःची आरव्ही असलेल्यांनी घरी ३० अँपिअरचे सॉकेट बसवून घेताना एक गोष्ट इलेक्ट्रिशियनला स्पष्ट सांगावी, शक्यतो लिहून द्यावी: हे सॉकेट १२० व्होल्टचे आहे. कपडे वाळवण्याच्या यंत्राचे जुन्या पद्धतीचे ३० अँपिअरचे सॉकेटही तीन पिनांचेच असते आणि ते २४० व्होल्टचे असते. त्या सवयीने आरव्हीच्या सॉकेटला २४० व्होल्ट दिले गेल्याचे प्रकार वारंवार घडतात, आणि मग मायक्रोवेव्हपासून बॅटरी चार्ज करणाऱ्या कन्व्हर्टरपर्यंत बरेच काही एका क्षणात जळते.

खांबाला गाडी जोडताना आधी खांबावरील ब्रेकर बंद करावा, गाडीतील एअर कंडिशनर आणि वॉटर हीटर बंद असल्याची खात्री करावी, मग केबल घट्ट बसवावी आणि शेवटी ब्रेकर चालू करावा. काढताना हाच क्रम उलटा. चालू भारावर प्लग ओढला तर पिनांपाशी ठिणगी पडते, पिना काळवंडतात, काळवंडलेल्या पिना पुढच्या वेळी अधिक तापतात आणि अखेर प्लगचे प्लास्टिक वितळते. खांब आणि केबल यांच्या मध्ये व्होल्टेजवर लक्ष ठेवणारा संरक्षक, ज्याला आरव्हीवाले ईएमएस म्हणतात, तो लावला तर उत्तम. साधारण १०४ व्होल्टच्या खाली किंवा १३२ च्या वर गेल्यास तो स्वतःच पुरवठा तोडतो. तारा उलटसुलट जोडल्या असतील किंवा ५० अँपिअरच्या सॉकेटची न्यूट्रल तार सुटलेली असेल तरीही तो गाडीत वीज जाऊ देत नाही. न्यूट्रल सुटणे हा या सर्वांतला सर्वांत घातक दोष आहे, कारण मग एका तारेवरील उपकरणांना १२० पेक्षा खूप अधिक व्होल्ट मिळू शकतात. भाड्याच्या गाडीसोबत असा संरक्षक क्वचितच मिळतो. वर्षातून एकदाच जाणाऱ्याने तो विकत घ्यावा असे मी म्हणणार नाही. पण स्वतःची गाडी असेल तर ही खरेदी टाळू नये.

कोण किती खाते

छतावरील एक एअर कंडिशनर चालू असताना १२ ते १६ अँपिअर घेतो, आणि त्याचा कॉम्प्रेसर सुरू होण्याच्या क्षणी याच्या कितीतरी पट प्रवाह क्षणभर ओढला जातो. मायक्रोवेव्हवर लिहिलेले १,००० वॅट हे अन्नाला मिळणाऱ्या उष्णतेचे असतात. खांबाकडून तो सुमारे १,५०० वॅट, म्हणजे १२ ते १३ अँपिअर घेतो. विजेची किटली, खोली गरम करणारा छोटा हीटर आणि केस वाळवण्याचे यंत्र ही तिन्ही उपकरणे १,५०० वॅटच्या आसपासची, म्हणजे प्रत्येकी साडेबारा अँपिअरची असतात. केस वाळवण्याची काही यंत्रे तर १,८७५ वॅटची असतात. वॉटर हीटरची विजेवरील कॉइल सुमारे १,४४० वॅटची असते, म्हणजे १२ अँपिअर. इंडक्शनची शेगडी पूर्ण ताकदीवर १,८०० वॅट घेते. इन्स्टंट पॉट हा विजेचा प्रेशर कुकर, सहा क्वार्टचा (सुमारे पावणेसहा लिटरचा), १,००० वॅटचा असला तरी वाफ धरेपर्यंतच पूर्ण वीज घेतो आणि नंतर बराच काळ स्वस्थ असतो.

न दिसणारे दोन भार बहुतेकांच्या हिशेबातून सुटतात. पहिला कन्व्हर्टर, जो १२० व्होल्टच्या विजेपासून १२ व्होल्ट तयार करतो आणि बॅटरी चार्ज करतो. आदल्या रात्री बॅटरी बरीच उतरलेली असेल तर सकाळी खांबाला जोडल्यावर तो एकटाच काही तास ५ ते ८ अँपिअर घेत राहतो. दुसरा फ्रिज. गॅस आणि वीज दोन्हींवर चालणारा जुन्या पद्धतीचा फ्रिज विजेवर असताना सुमारे ३ अँपिअर घेतो, आणि वीज मिळताच तो आपण होऊन विजेवर जातो. अडचणीच्या वेळी त्याच्या पॅनेलवरील बटणाने तो गॅसवर ढकलला की हे ३ अँपिअर मोकळे होतात, आणि गॅस नगण्य लागतो.

आता त्या सकाळकडे पाहू. कन्व्हर्टरचे ५, फ्रिजचे ३, वॉटर हीटरचे १२ आणि खोलीतील हीटरचे साडेबारा धरले तर साडेबत्तीस अँपिअर झाले, म्हणजे किटली लावण्याआधीच मर्यादा ओलांडली गेली होती. तरीही सगळे चालू होते, कारण ब्रेकर थोड्या जास्त भाराला लगेच पडत नाही. त्याच्या आतील धातूची पट्टी तापून वाकायला वेळ लागतो, आणि भार जितका मर्यादेच्या जवळ तितका हा वेळ अधिक. किटली आणि मायक्रोवेव्ह लावल्यावर भार पन्नासाच्या पुढे गेला आणि तो लगेच पडला. दोष दुधावर आला, पण खरे कारण पहाटेपासून चालू असलेले दोन हीटर होते. “आत्तापर्यंत तर चालत होते” हे वाक्य आरव्हीत म्हणूनच फारसे उपयोगाचे नसते.

या सकाळची मांडणी वेगळी करता येते. वॉटर हीटर गॅसवर चालवला तर १२ अँपिअर वाचतात आणि पाणीही लवकर तापते, कारण त्याचा गॅसचा बर्नर तासाला १०,००० ते १२,००० बीटीयू (उष्णतेचे एकक) देतो, तर विजेची कॉइल पाच हजारांच्याही आत देते. वीज कॅम्पग्राउंडच्या भाड्यात धरलेली असते आणि गॅस पदरचा जातो, म्हणून विजेवर पाणी तापवण्याचा मोह होतो; तो मोह रात्री सगळे झोपल्यावर पुरवावा. चहा गॅसच्या शेगडीवर ठेवावा. भात आणि डाळ कुकरमध्ये गॅसवर लावावी, आणि तेवढा वेळ छतावरील झरोका उघडून पंखा चालू ठेवावा. मायक्रोवेव्ह लावायच्या आधी खोलीतील हीटर बंद करण्याची सवय घरातल्या सर्वांनाच लावावी. मुले ती मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात.

एकूण भार ३० च्या आत असूनही कधी कधी फक्त काही सॉकेट बंद पडतात. गाडीतील पॅनेलमध्ये मुख्य ब्रेकरखाली १५ किंवा २० अँपिअरचे छोटे ब्रेकर असतात. एअर कंडिशनर, मायक्रोवेव्ह आणि वॉटर हीटर यांना बहुधा स्वतंत्र ब्रेकर दिलेला असतो, पण भिंतीवरची उरलेली बरीचशी सॉकेट एकाच ब्रेकरवर असतात. त्यामुळे ओट्यावरची किटली आणि पलंगापाशी ठेवलेला हीटर यांचे अंतर कितीही असले तरी दोघांचे २५ अँपिअर एकाच तारेतून जात असतात. पडलेला ब्रेकर अर्ध्यावर अडकलेला दिसतो. तो आधी पूर्ण बंद बाजूला दाबावा आणि मगच चालू करावा. पॅनेलमध्ये सर्व ठीक दिसत असेल तर न्हाणीघरातील किंवा ओट्यावरील सॉकेटवरचे रीसेटचे बटण दाबून पाहावे, आणि तेवढ्यानेही काही झाले नाही तर बाहेर जाऊन खांबावरचा ब्रेकर पाहावा.

भारतातून येताना बॅगेत घातलेल्या मिक्सरचा, किटलीचा आणि पाणी तापवण्याच्या रॉडचा येथे उपयोग नाही. २३० व्होल्टसाठी केलेला १,५०० वॅटचा रॉड १२० व्होल्टवर जेमतेम ४०० वॅट देतो, म्हणजे बादली कोमट व्हायलाही सकाळ संपते. शिवाय हलत्या, ओल्या जमिनीच्या गाडीत उघडा रॉड ही कल्पनाच सोडून द्यावी. चटणीसाठी मिक्सर हवाच असेल तर ११० व्होल्टचा घ्यावा. तो ५५० ते ७५० वॅटचा असतो आणि मिनिटभरच चालतो, त्यामुळे त्याचा त्रास होत नाही.

उन्हाळ्याची संध्याकाळ आणि पडलेले व्होल्टेज

जुलै-ऑगस्टमध्ये भरलेल्या कॅम्पग्राउंडमध्ये संध्याकाळी सगळ्यांचे एअर कंडिशनर एकदम लागतात आणि खांबावरील व्होल्टेज १२० वरून ११० च्या खाली येते. हीटर किंवा किटली यांचे अशा वेळी काही बिघडत नाही, त्या फक्त मंदावतात: १,५०० वॅटचा हीटर १०५ व्होल्टवर साधारण १,१५० वॅटच देतो. मोटरचे मात्र उलट असते. कॉम्प्रेसर आपले काम पुरे करण्यासाठी अधिक प्रवाह ओढतो, तापतो आणि अखेर जळतो, आणि त्याची दुरुस्ती सहलीच्या खर्चाहून महाग पडू शकते. सॉकेटमध्ये लावायचा छोटा व्होल्टमीटर फार स्वस्त मिळतो. तो लावून ठेवावा, आणि आकडा १०५ च्या आसपास आला की एअर कंडिशनर बंद करावा. तो बंद केल्यावर लगेच पुन्हा चालू करू नये. आतील दाब समान व्हायला चार-पाच मिनिटे द्यावीत, नाहीतर कॉम्प्रेसर अडतो आणि ब्रेकर पडतो. केबलच्या लांबीमुळेही व्होल्टेज घटते, म्हणून जोडकेबल लागलीच तर ती ३० अँपिअरसाठी केलेली, १० गेज जाडीच्या तारांची असावी. बागेत वापरायची नारिंगी बारीक केबल लावून एअर कंडिशनर चालवणे म्हणजे ती केबल तापत ठेवण्यासारखेच आहे.

ऊब कशाने आणावी

गाडीतील गॅसची फर्नेस, म्हणजे आत गरम हवा सोडणारी भट्टी, तासाला २०,००० ते ४०,००० बीटीयू गॅस जाळते. विजेचा १,५०० वॅटचा हीटर तासाला ५,१२० बीटीयू देतो. ३०,००० बीटीयूच्या फर्नेसमधील धुराड्यावाटे जाणारी उष्णता वजा केली तरी ती एका हीटरच्या चौपटीहून अधिक ऊब देते. रात्री तापमान ५० फॅरनहाइटच्या (१० सेल्सिअसच्या) आसपास असेल तर एक हीटर पुरतो. तापमान त्याहून बरेच खाली गेले की तो फक्त फर्नेसचे काम थोडे हलके करतो, आणि त्याच्याकडून तेवढीच अपेक्षा ठेवावी. काही गाड्यांच्या छतावरील एअर कंडिशनर उलटा चालून हीट पंपाचे काम करतो आणि तेवढ्याच विजेत हीटरहून जास्त ऊब देतो, पण बाहेर ४० फॅरनहाइटच्या खाली गेले की त्याचा उपयोग जवळजवळ संपतो.

फर्नेसचा खर्च गॅसचा आहे. २० पौंडांच्या सिलिंडरमध्ये सुमारे ४,३०,००० बीटीयू असतात, म्हणजे ३०,००० बीटीयूची फर्नेस अखंड चालली तर तो सुमारे १४ तासांत संपतो. प्रत्यक्षात थर्मोस्टॅट तिला चालू-बंद करत राहतो, त्यामुळे बोचऱ्या थंडीत अशा दोनेक रात्री निघतात. दिवसा गाडी रिकामी असताना थर्मोस्टॅट ५० फॅरनहाइटवर आणि झोपताना ६० वर ठेवला तर सिलिंडर बराच पुरतो. झोपताना खोली तापवण्यापेक्षा माणूस उबेत ठेवणे स्वस्त पडते. विजेचे पांघरूण १०० वॅटच्या आसपास घेते, म्हणजे एक अँपिअरही नाही, आणि वयस्क मंडळींसाठी माझ्या मते हीटरपेक्षा तेच योग्य आहे. छतावरच्या झरोक्यांत बसणाऱ्या फोमच्या उशा आणि समोरच्या काचेवरचा जाड पडदा यांनी जेवढी ऊब टिकते, तेवढी दुसरा हीटर लावूनही मिळत नाही.

विजेचा हीटर लावायचाच असेल तर तो थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावावा. मध्ये जोडकेबल किंवा बहुसॉकेटची पट्टी घालू नये. आरव्हीच्या भिंती पातळ असतात, सॉकेटच्या मागील जोड अनेकदा स्क्रूऐवजी नुसते दाबून बसवलेले असतात, आणि हजारो मैलांच्या हादऱ्यांनी ते सैल होतात. सैल जोडातून तासन्‌तास साडेबारा अँपिअर गेले तर तो तापतो, आणि आग लागते ती अशाच ठिकाणी. हीटर ७५० वॅटच्या खालच्या पायरीवर ठेवावा, अर्ध्या तासाने प्लगला हात लावून पाहावा, आणि तो कोमटपेक्षा अधिक लागला तर ते सॉकेट सोडून द्यावे. आडवा पडताच बंद होणारा किंवा तेलाचा रेडिएटर घ्यावा, आणि सगळे झोपल्यावर जबाबदारी फर्नेसकडे सोपवावी. काही अनुभवी लोक खांबावरील २० अँपिअरच्या रिकाम्या सॉकेटमधून १२ गेजची बाहेर वापरायची केबल थेट आत आणतात आणि हीटर त्यावर चालवतात. तो भार मग गाडीच्या ३० अँपिअरमध्ये येतच नाही. युक्ती चांगली आहे, मात्र केबल दारात चेमटली जाता कामा नये आणि कॅम्पग्राउंडची त्याला हरकत नाही हे आधी विचारून घ्यावे.

पाणी गोठण्याची रात्र

वीज फुकटात मिळते म्हणून फर्नेस बंद ठेवून दोन हीटरांवर रात्र काढण्याची चूक समजूतदार माणसेही करतात. थंडीसाठी तयार केलेल्या गाड्यांत फर्नेसच्या गरम हवेची एक नळी जमिनीखालील पोकळीत, पाण्याच्या टाक्या आणि पाइप असतात तेथे सोडलेली असते. हीटरने खोली उबदार ठेवली की थर्मोस्टॅट समाधानी राहतो, फर्नेस लागतच नाही, आणि माणसे गोधडीत आरामात असताना जमिनीखाली पाइप गोठतात. गोठलेले पाणी फुगते आणि जोड फुटतो. तो फुटल्याचे पाणी वितळल्यावर, दुसऱ्या दिवशी दुपारी कळते. म्हणून रात्रीचे तापमान ३२ फॅरनहाइटच्या खाली जाणार असेल तर फर्नेस हाच मुख्य आधार ठेवावा आणि हीटर तिचा भार थोडासाच हलका करेल इतका मंद ठेवावा.

अशा संध्याकाळी टाकीत पाणी भरून घ्यावे, बाहेरची पाण्याची होज नळावरून काढून रिकामी करावी आणि रात्रभर टाकीतले पाणी पंपाने वापरावे. सिंकखालच्या कपाटांची दारे उघडी ठेवावीत. सांडपाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद ठेवावा, कारण उघड्या नळीतून ठिबकणारे पाणी तिच्यातच गोठून वाट बंद करते. वॉटर हीटर रात्री चालू ठेवला तर त्याची टाकी सुरक्षित राहते. मात्र टाकीत पाणी असल्याची खात्री केल्याशिवाय त्याची विजेची कॉइल कधीही चालू करू नये. कोरड्या टाकीत ती काही क्षणांत जळते, आणि भाड्याने घेतलेल्या गाडीत हे बिल आपल्याच नावावर येते. गॅसची मात्र थंडीत चिंता नको. सिलिंडरमधील प्रोपेन उणे ४२ सेल्सिअसपर्यंत वायुरूपात येत राहतो.

उन्हाळा आहे म्हणून ही काळजी नको असे यलोस्टोनमध्ये समजू नये. तेथे सरोवराची पातळीच सुमारे ७,७०० फुटांवर आहे आणि जून किंवा सप्टेंबरमध्ये रात्री पाणी गोठणे तेथे नवलाचे नाही. त्या उद्यानात पूर्ण हूकअप फक्त फिशिंग ब्रिजच्या आरव्ही पार्कमध्ये मिळतात, आणि अस्वलांमुळे तेथे टणक भिंतींच्याच गाड्यांना परवानगी आहे. योसेमिटीत उद्यानाच्या कॅम्पग्राउंडमध्ये हूकअप नाहीतच. ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कड्यावर ते ट्रेलर व्हिलेजमध्ये आहेत, शेजारच्या माथरमध्ये नाहीत. आरक्षण करताना हे पाहिले नाही तर पुढची पाने उपयोगी पडतील.

खांब नसेल तेव्हा

हूकअप नसलेल्या जागी फर्नेस गॅसवर चालत असली तरी तिचा पंखा बॅटरीवर चालतो आणि १२ व्होल्टवर ७ ते १० अँपिअर घेतो. दहा तासांच्या रात्रीत ती निम्मा वेळ चालली तर सुमारे ४० अँपिअर-तास गेले. त्यात दिवे, पंप, फ्रिजचे सर्किट आणि गॅसगळती झाली की वाजणारा सूचक यांचे धरले की ५० होतात. शिशाच्या १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीतून निम्मेच काढणे तिच्या आयुष्यासाठी हितावह असते, म्हणजे एका रात्रीत हिशेब संपला. थंडीत तिची क्षमता आणखी घटते. पहाटे तीन वाजता पंख्याचा घरघराट येतो पण हवा थंडच येते, असे झाले तर फर्नेस बिघडली असे समजू नये: पंखा पुरेशा वेगाने फिरल्याशिवाय त्यातील हवेने हलणारा स्विच गॅस पेटू देत नाही, आणि उतरलेल्या बॅटरीवर पंखा तेवढा फिरत नाही. आधी शेगडी पेटवून गॅस असल्याचे पाहावे, मग बॅटरीचे व्होल्ट पाहावेत. ते ११ च्या आसपास असतील तर कारण सापडले.

इन्व्हर्टर असला की विजेचा हीटर बॅटरीवर चालवता येईल असे अनेकांना वाटते. १०० अँपिअर-तासांच्या लिथियम बॅटरीत १,२८० वॅट-तास असतात; १,५०० वॅटचा हीटर ती पाऊण तासात रिकामी करील. त्याच बॅटरीवर फर्नेसचा पंखा रात्रभर चालतो. मायक्रोवेव्ह पाच मिनिटे चालवणे ठीक आहे, पण तेवढ्या वेळात बॅटरीतून १३० अँपिअरच्या आसपास प्रवाह जातो आणि तेवढा देण्याची बॅटरीची क्षमता असावी लागते. लिथियम बॅटरी शून्य सेल्सिअसच्या खाली असताना चार्ज करू नये. चांगल्या बॅटरीतील नियंत्रक ते स्वतःच थांबवतो, आणि सौर पट्टे उन्हात असूनही चार्जिंग का होत नाही याचे उत्तर अनेकदा तेवढेच असते.

भाड्याच्या गाड्यांत बहुधा ४,००० वॅटचा जनरेटर असतो, म्हणजे ३० अँपिअरच्या खांबाहून किंचितच अधिक. उंचीवर हवा विरळ होते आणि दर हजार फुटांमागे त्याची ताकद साधारण साडेतीन टक्क्यांनी घटते. यलोस्टोनच्या उंचीवर तो ३,००० वॅटही पुरे देत नाही. गाडीची पेट्रोल टाकी पाव भागावर आली की बहुतेक जनरेटर आपोआप बंद पडतात, ते आपल्याला परतीचा पंप गाठता यावा म्हणून. उद्यानांत तो चालवण्याच्या वेळा ठरलेल्या असतात आणि रात्री तो लावू देत नाहीत, म्हणून बॅटरी संध्याकाळीच भरून घ्यावी.

धूर, गॅस आणि सूचक

फर्नेस बाहेरची हवा घेते आणि धूर बाहेर टाकते, म्हणून बंद गाडीत ती सुरक्षित असते. शेगडी तशी नसते. थंडी वाजते म्हणून शेगडी किंवा ओव्हन पेटवून बसू नये, आणि सिगडी किंवा कोळशाचे ग्रिल तर निखारे विझत आले असले तरी आत आणू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेत तो कळत नाही. जनरेटरचा धूर शेजारच्या गाडीच्या उघड्या खिडकीतूनही आत येतो. प्रोपेन हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर तो जमिनीलगत साठतो, म्हणून त्याचा सूचक जमिनीजवळ बसवलेला असतो. त्यासमोर चपला-बॅगा रचून ठेवू नयेत. तो वाजला तर कोणतेही बटण न दाबता सगळ्यांनी बाहेर पडावे आणि सिलिंडरचा व्हॉल्व्ह बाहेरून बंद करावा. प्रोपेन आणि कार्बन मोनॉक्साइड या दोन्हींच्या सूचकांचे आयुष्य ठरावीक वर्षांचे असते आणि मुदत बहुधा मागच्या किंवा बाजूच्या पट्टीवर छापलेली असते. गाडी ताब्यात घेताना चाचणीचे बटण दाबून पाहावे, ती मुदत वाचावी, आणि उलटून गेली असेल तर सूचक बदलून मिळेपर्यंत गाडी घेऊन निघू नये.